आयन वाऱ्यावर तरंगणारा लिफ्टर: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी पहिल्यापासून

‘अँटिग्रॅव्हिटी यंत्र घरी कसं बनवायचं?’ असं विचारणारे साधारण दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणजे बारावीची नाहीतर फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलं. यांनी फोनवर चांदीच्या कागदाचा त्रिकोण हवेत तरंगताना पाहिलेला असतो. दुसरे निवृत्त काका. त्यांच्याकडे कात्रणांची फाइल असते आणि तिच्यात शिवकर बापूजी तळपदे, पाऱ्याचं इंजिन, उडत्या तबकड्या सगळं एकत्र असतं. दोघांनाही पुढचं लिखाण उपयोगी पडावं. घरात हवेत तरंगणारं यंत्र खरंच बनतं. ते गुरुत्वाकर्षणाला हातही लावत नाही, आणि ते चालवायला जी वीज लागते ती माणूस मारू शकते. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलांनी चौथ्या पायरीच्या पुढे हाय व्होल्टेजची माहिती असलेला जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय जाऊ नये.

१. आधी समजून घ्या: उचलतं कोण?

यंत्राला लिफ्टर म्हणतात. वर केसासारखी बारीक तार, खाली फॉइलची पट्टी, मध्ये साधारण ३ सेंटिमीटर हवा. दोघांमध्ये २०-२५ हजार व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, दाब दिला की बारीक तारेभोवतीची हवा विद्युतभारित होते, म्हणजे आयन तयार होतात. ते फॉइलकडे ओढले जातात आणि जाताना साध्या हवेच्या रेणूंना ढकलत नेतात. हवा खाली गेली की यंत्र वर. पंखा आहे, फक्त पाती नाहीत.

अमेरिकेत टाउनसेंड ब्राउन यांनी या परिणामावर काम केलं आणि १९२८ मध्ये त्यांना ब्रिटिश पेटंट मिळालं. यात गुरुत्वाकर्षणाशी नातं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि अँटिग्रॅव्हिटीचा सगळा बोलबाला तिथून सुरू झाला. १९६४ मध्ये अलेक्झांडर द सेव्हर्स्की यांनी याच तत्त्वावरच्या ‘आयनोक्राफ्ट’चं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी सरळ हवेच्या झोताची भाषा वापरली. पुढे नासासाठी झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी उपकरणं निर्वात पेटीत तपासली गेली. हवा काढून घेतल्यावर जोर सापडला नाही.

जोराचं सूत्र सोपं आहे: प्रवाह गुणिले अंतर, भागिले आयनांची चलता, म्हणजे दाबाखाली ते हवेतून किती सहज सरकतात ते. हवेत ही चलता सुमारे ०.०००२ (मीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद) धरा. ३ सेंटिमीटर अंतरात ०.३ मिलीअँपिअर गेला तर जोर येतो ०.०४५ न्यूटन, म्हणजे साडेचार ग्रॅम उचलण्याइतका. वीज लागते साडेसात वॅट. एका वॅटला जेमतेम अर्धा ग्रॅम! ‘यावर बसून म्हापशाला जाता येईल का?’ या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यात आहे.

तरीही तत्त्व टाकाऊ नाही. एमआयटीच्या स्टीव्हन बॅरेट यांच्या गटाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आयन वाऱ्यावर उडणारं विमान जगासमोर मांडलं. पंखांचा विस्तार ५ मीटर, वजन २.४५ किलो, ४० हजार व्होल्ट, आणि बंदिस्त सभागृहात सुमारे ६० मीटर उड्डाण. सगळी बॅटरी विमानातच होती. आपला लिफ्टर मात्र वीज जमिनीवरून तारेने घेतो, त्यामुळे दोन्ही एकाच रांगेत बसवू नका.

उपग्रहांवरचं आयन इंजिन ही आणखी वेगळी गोष्ट. ते स्वतःबरोबर झेनॉन वायू नेतं आणि तोच मागे फेकतं, त्याला हवा नको असते. इस्रोने मे २०१७ मध्ये सोडलेल्या जीसॅट-९ वर अशी विद्युत प्रणोदन यंत्रणा होती.

आता काकांच्या फाइलीबद्दल. तळपद्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या कथेला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथातून पाऱ्याची इंजिनं येतात, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये केला. त्यांच्या मते तो मजकूर विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. तळपद्यांबद्दल आदर ठेवा, पण पारा तापवू नका. त्याची वाफ विषारी असते, दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

२. मुहूर्त आणि जागा

गोव्यात हा छंद डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांतला. पावसाळ्यात लाकडावर, दोऱ्यावर, टेबलावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि वीज हवेतून जायचं सोडून त्या थरावरून सरकत निघून जाते. मग नवशिका व्होल्टेज वाढवत बसतो आणि शेवटी ठिणगी कुठूनतरी भलतीकडून उडते. चवथीच्या सुट्टीत बनवायला घेणाऱ्यांना मी सांगतो, सांगाडा आत्ता बांधा, वीज दिवाळीनंतर जोडा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर मिठाचा थरही जमेत धरा. सगळे आधार आणि पृष्ठभाग कोरड्या कापडाने पुसून मगच सुरू करा.

वेळ सकाळची बरी. आयन वाऱ्याचा वेग सेकंदाला एक-दोन मीटरच्या आसपास असतो, दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. बलकांवात बसून करायचं काम हे नव्हे. आतली खोली घ्या, पंखा बंद, खिडकी थोडी उघडी. या कामात ओझोन तयार होतो, त्याचा तिखट वास लगेच ओळखू येतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची प्रचलित मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) आहे. वास जाणवत राहिला तर थांबा आणि खोली मोकळी करा.

टेबल लाकडी किंवा प्लास्टिकचं, सगळ्या बाजूंनी निदान एक मीटर मोकळं. खिडकीचे गज, लोखंडी कपाट, फ्रीज जवळ नको. फरशी कोरडी हवी. मांजर बाहेर. पेसमेकर बसवलेली व्यक्ती खोलीतच नको.

३. सामान

सांगाड्याला बाल्साच्या २ मिलिमीटर जाडीच्या काड्या सगळ्यात चांगल्या. त्या इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत, एअरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्यांकडून मागवाव्या लागतात. माडाच्या हिराने काम भागेल का, असं प्रत्येक जण विचारतो. हीर ताठ असतो, फुकट असतो, पण बाल्सापेक्षा जड आणि ओल धरणारा. सरावाचा पहिला सांगाडा हिराचा करा, उडवायचा बाल्साचा. आकाशकंदिलाच्या कामट्या तासणारा कोणी वाड्यावर असेल तर त्याला बरोबर घ्या. हलका आणि तरी न मुरडणारा सांगाडा कसा बांधायचा हे त्याच्या हातात असतं.

बाकीचं सामान असं:

- स्वयंपाकघरातली पातळ ॲल्युमिनिअम फॉइल
- ०.१ मिलिमीटरची तांब्याची तार. जळक्या छोट्या रिलेच्या गुंडाळीतून निघते, पण तिच्यावरचं वार्निश बारीक पॉलिश पेपरने पूर्ण काढावं लागतं
- तंगूस, गरीचा असतो तोच, बारीकातला बारीक
- झटपट चिकटणारा गोंद, थेंबाथेंबाने वापरायला
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, सोनार वापरतात तसला
- हाय व्होल्टेजसाठीच बनवलेली जाड इन्सुलेशनची वायर
- डिस्चार्ज दांडा: एक मीटर कोरडा पीव्हीसी पाइप, टोकाला धातूचा आकडा, आकड्यापासून अर्थिंगपर्यंत पक्की वायर
- दाबून धरला तरच चालू राहणारा स्विच. बोट उचललं की बंद
- वाळूची बादली

मल्टिमीटर आहेच असं म्हणाल. तो फक्त बॅटरीच्या बाजूला लावा. त्याची मर्यादा ६०० किंवा १००० व्होल्ट असते, पंचवीस हजारांना लावलात तर मीटर जाईल आणि धरणारा हातही धोक्यात येईल.

४. वीज कुठून आणायची

गफलत होते ती बहुतेक इथेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

काय नको ते आधी. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर अजिबात नको. तो सुमारे दोन हजार व्होल्टच देतो, पण इतका प्रवाह देतो की एकच स्पर्श जीव घेतो. शिवाय लिफ्टरला तो दाब पुरतही नाही, म्हणजे धोका पत्करून हाती काही नाही. निऑन बोर्डचा ट्रान्सफॉर्मर आणि टेस्ला कॉइल एसी देतात, लिफ्टरला एकाच दिशेचा दाब हवा. भंगारातला जुना टीव्ही उघडून ईएचटी (त्यातला हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) काढण्याचा सल्ला खूप जण देतात. टीव्ही दुरुस्तीत हात मुरलेला मेकॅनिक ते करू शकेल, तुम्ही करू नका. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही बराच काळ भार साठून राहतो.

ऑनलाइन मिळणारं बोटाएवढं ‘४ लाख व्होल्ट’चं मॉड्यूल हा आणखी एक सापळा. टोकदार सुयांमध्ये कोरड्या हवेत साधारण ११ हजार व्होल्टला १ सेंटिमीटर ठिणगी पडते. मग चार लाखांना पाऊण हाताहून मोठी ठिणगी पडायला हवी. मॉड्यूल प्रत्यक्षात पाडतं एक-दोन सेंटिमीटरची. ती मॉड्यूलं काही सेकंदांत तापून मरतात आणि लिफ्टरला सलग दाब लागतो.

हवं ते असं: सलग डीसी देणारा, व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा, ३० किलोव्होल्टपर्यंतचा आणि १ मिलीअँपिअरच्या आत प्रवाह रोखणारा तयार पुरवठा, बंद डब्यातला. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत असा असेल तर तिथेच जाऊन प्रयोग करा, हा माझा पहिला सल्ला. विकत घेणार असाल तर बॅटरीवर चालणारा घ्या.

‘१ मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला कंडेन्सरचं, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागाचं विचारा (त्याची क्षमता फॅरडमध्ये मोजतात). साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १ नॅनोफॅरडवर ३० हजार व्होल्ट असतील तर ०.४५ जूल, १० नॅनोफॅरडवर साडेचार जूल. प्रवाह रोखणारं सर्किट हा साठा रोखत नाही, तो एका क्षणात हातातून रिकामा होतो. म्हणून जोर वाढवायला वरून कंडेन्सर जोडू नका. उलट पुरवठ्याच्या तोंडाशी १ गिगाओहमचा, हाय व्होल्टेजसाठीच बनवलेला रोधक कायमचा जोडून ठेवा. बंद केल्यावर १ नॅनोफॅरडचा साठा त्यातून काही सेकंदांत उतरतो. साधा पाव वॅटचा रोधक इथे चालत नाही, त्याची सहनशक्ती २५० व्होल्टच्या आसपास असते.

दोन समजुती मनातून काढा. रबरी चप्पल २५ हजार व्होल्टपासून वाचवत नाही. आणि घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) इथे पडणार नाही: मुख्य लाइनपासून विलग असलेल्या पुरवठ्याच्या पुढच्या बाजूला काय चाललंय ते त्याला कळतच नाही.

एकट्याने कधीही करू नका. दुसरा माणूस स्विचपाशी. एक हात पाठीमागे किंवा खिशात. अपघात झाला तर आधी वीज तोडा, मगच माणसाला हात लावा, आणि १०८.

५. पहिला प्रयोग: पणतीची ज्योत

लिफ्टर लगेच बांधू नका. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांत असतं ते आयोनायझर मॉड्यूल घ्या, १२ व्होल्टवर चालणारं. २३० व्होल्टवर थेट चालणारी मॉड्यूलं मुख्य लाइनपासून बऱ्याचदा विलग नसतात, ती टाळा. मॉड्यूलच्या टोकाला शिवणाची सुई जोडा, सुईसमोर ३-४ सेंटिमीटरवर पणती ठेवा. पणती पेटवून दूर व्हा आणि मग स्विच दाबा. ज्योत वाऱ्याने वाकते तशी वाकेल. न दिसणारा आयन वारा डोळ्यांनी पाहायचा हा सर्वात स्वस्त उपाय.

मग भिरभिरं: बारीक तारेचा इंग्रजी एस, टोकं उलट दिशांना वळवलेली, मध्यभागी सुईच्या टोकावर तोललेला. पुरेसा हलका असेल तर फिरतो. मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात स्थिर विजेची प्रात्यक्षिकं पाहायला मिळाली तर तीही बघून या.

६. लिफ्टर बांधणी

२० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण. तीन उभ्या काड्या साधारण १० सेंटिमीटरच्या, तळाच्या बाजूला त्यांना जोडणाऱ्या आडव्या काड्या. आडव्या काडीवरून फॉइलची पट्टी खाली सोडायची, रुंदी ४ सेंटिमीटर. फॉइलची वरची कड काडीवर गोलाकार गुंडाळून बोटाने गुळगुळीत करा. कडेला टोक, सुरकुती, फाटका कोपरा राहिला की तिथून उलटे आयन सुटतात आणि ठिणगी पडते. लिफ्टर उडत नाही अशी तक्रार आली की मी आधी ही कड बघतो.

फॉइलच्या वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर उंचीवर बारीक तार तिन्ही काड्यांभोवती ताणून बांधा. अंतर सगळीकडे सारखं हवं. एका कोपऱ्यात २६ आणि दुसऱ्यात ३२ मिलिमीटर झालं, तर सगळी वीज जवळच्या कोपऱ्यातून जाईल.

वजन करा. ११ मायक्रॉनच्या फॉइलचे तीन पट्टे सुमारे ०.७ ग्रॅम भरतात, १८ मायक्रॉनचे १.२ ग्रॅमच्या घरात, आणि गुंडाळलेल्या कडेचं त्यात थोडं वाढतं. एकूण ३ ग्रॅमच्या आत राहा. गोंदाचे जास्तीचे थेंब ब्लेडने काढा.

७. उडवायचा क्रम

तिन्ही कोपऱ्यांना तंगूस बांधून टेबलाला अडकवा, १५-२० सेंटिमीटर ढील ठेवा. वरच्या तारेला धन टोक, फॉइलला ऋण टोक आणि तेच अर्थिंगला. जोडणीच्या तारा केसाइतक्या बारीक, एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून खाली सोडलेल्या.

मग सगळे मागे. व्होल्टेज शून्यापासून हळू वाढवा. १०-१५ किलोव्होल्टला बारीक सूं-सूं ऐकू येईल, २० च्या पुढे एखादा कोपरा उचलेल, २५ च्या आसपास त्रिकोण तंगूस ताणून उभा राहील. अंधारात तारेवर जांभळी झाक दिसते. तट्-तट् असा आवाज आला तर बोट उचला, तो ठिणगीचा आवाज आहे. फॉइल पेटत नाही, पण बाल्सा पेटतो. शेजारच्या घरातला रेडिओ खरखरला तर त्याचं कारणही तुम्हीच.

बंद करताना: स्विच सोडा, पुरवठ्याचा प्लग काढा, दहापर्यंत मोजा, दांड्याचा आकडा आधी तारेला आणि मग पुरवठ्याच्या तोंडाला टेकवा, पुन्हा एकदा टेकवा. त्यानंतरच हात. ही सवय प्रत्येक वेळी, ‘फक्त एक कोपरा सरळ करायचा होता’ तेव्हासुद्धा.

८. अँटिग्रॅव्हिटी आहे का, ते स्वतः तपासा

मला विचाराल तर छंदाचा खरा रस इथे आहे. तरंगणं पाहून पाच मिनिटांत पोट भरतं.

लिफ्टर आडवा टांगा: तो बारीक तारेच्या दिशेने बाजूला सरकतो. उलटा टांगा: खाली ओढला जातो. गुरुत्वाकर्षण कमी झालं असतं तर दोन्ही वेळा असं झालं नसतं. धन-ऋण टोकांची अदलाबदल करा (अर्थिंगची बाजू पुरवठ्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे): जोर थोडा बदलेल, दिशा तीच राहील. लांब काठीला लावलेली उदबत्ती बाजूला आधीच पेटवून ठेवा, धूर खाली ओढलेला दिसेल. लिफ्टरखाली मोठा पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली तराजू ठेवलात तर वाऱ्याचा दाब मोजता येतो. पण तराजू साध्या दांडीचा घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा हाय व्होल्टेजजवळ वाटेल ते आकडे दाखवतो, आणि ‘वजन घटल्या’चे कित्येक दावे अशाच काट्यांवरून निघतात.

९. शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनात मांडायचं असेल तर

लागणारे कागद: संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी, पालकांचं संमतिपत्र, जोडणीची आकृती, आणि स्विचपाशी बसणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. यंत्र ॲक्रिलिकच्या पेटीत, समोर दोरीचा अडसर. मुलं हात घालतात, हे धरूनच चाला.

मोकळ्या मैदानात काही उडवायची हौस असेल तर ती साध्या ड्रोनने भागवा, आणि तेही ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघून. दाबोळी हा नौदलाचा तळ, मोपाला दुसरा विमानतळ. आपल्या एवढ्याशा राज्यात यांच्यापासून लांब जागा शोधावी लागते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो, म्हणून तो कुठेही उडवता येतो असं मात्र नाही.

१०. पावसाळ्यासाठी जोडधंदा

जून लागला की पुरवठा आणि तार सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. तोवर हाय व्होल्टेज नसलेली तरंगणारी कामं करा. निओडिमियमचे चार चौकोनी चुंबक उत्तर-दक्षिण आलटून पालटून चिकटवा आणि वर पायरोलिटिक ग्राफाइटची पातळ चकती ठेवा: ती एखाद्या मिलिमीटरवर अधांतरी राहते, बॅटरीशिवाय. चुंबकापासून दूर ढकललं जाण्याच्या याच गुणावर, प्रतिचुंबकत्वावर, आंद्रे गाइम यांनी १९९७ मध्ये सुमारे १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला होता. पुढे २०१० चं नोबेल त्यांना ग्राफीनसाठी मिळालं. चुंबक बोटं चिमटतात आणि लहान मुलांनी गिळले तर ऑपरेशनची वेळ येते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं काम ध्वनीचं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या आसिएर मार्सो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ध्वनिलहरींवर हलके दाणे तरंगवणाऱ्या टायनीलेव्ह या यंत्राचा आराखडा सर्वांना खुला केला: ४० किलोहर्ट्झचे ७२ छोटे स्पीकर, एक आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एक मोटर ड्रायव्हर. सोल्डरिंग किचकट आहे, आठवडाभर संध्याकाळी लागतील. सगळे स्पीकर एकाच दिशेने जोडले गेलेत का, हे चिकटवण्याआधी एकेक करून तपासा. एखादा उलटा राहिला तरी थर्माकोलचा दाणा डगमगतो.